ऊर्जेची एकके बदलताना आधी ज्यूल गाठावा
भौतिकशास्त्राचे गणित सोडवताना सूत्र बरोबर असूनही उत्तर हजारपट चुकते, तेव्हा दोष बहुधा एककात असतो. ऊर्जा कधी कॅलरीत, कधी किलोवॅट-तासात, तर कधी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये दिलेली असते. म्हणून आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक राशी ज्यूलमध्ये आणावी आणि उत्तर मिळाल्यावरच ते हव्या त्या एककात न्यावे.

१ न्यूटन बलाने वस्तू बलाच्या दिशेने १ मीटर सरकली, की १ ज्यूल कार्य होते. साधारण १०० ग्रॅमचा पेरू १ मीटर उंच उचलायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते.

सर्वाधिक घोटाळा वॅट आणि किलोवॅट-तास यांत होतो. ‘गीझर तासाला २ किलोवॅट वीज खातो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते चूक आहे, कारण वॅट हे शक्तीचे, म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल खर्च होतात हे सांगणारे एकक आहे. शक्तीला वेळेने गुणले तरच ऊर्जा मिळते: १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि वीजबिलातले १ युनिट ते हेच.

हे पडताळायचे असेल तर घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरजवळ जाऊन उभे राहावे. त्यावर बारीक अक्षरांत दर युनिटमागे लाल दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. मीटरनुसार तो बदलतो. तो ३२०० असल्यास एक लुकलुक म्हणजे ३६,००,००० भागिले ३२००, अर्थात ११२५ ज्यूल.

आता १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे असे समजू. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे १ कॅलरी लागते आणि १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. त्यामुळे १५,००० गुणिले २०, म्हणजे ३ लाख कॅलरी, अर्थात १२,५५,२०० ज्यूल लागतील. याला ३६ लाखांनी भागल्यास सुमारे ०.३५ युनिट येते. २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी साडेदहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात मीटरचा दिवा सुमारे १११६ वेळा लुकलुकतो. (भांड्यात आणि हवेत जाणारी उष्णता यात धरलेली नाही.) उष्णता आणि यांत्रिक कार्य असे एकाच मापाने मोजता येते, याचा भक्कम पुरावा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४० च्या दशकात दिला: खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर त्यांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले.

आहारातली ‘कॅलरी’ मात्र प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, म्हणून तिला ४१८४ ने गुणावे.

अणूंच्या पातळीवर ज्यूल फार मोठा पडतो. तिथे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके ज्यूल घ्यावेत. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये ठाऊक असल्यास १२४० ला तिने भागावे, म्हणजे फोटॉनची, अर्थात प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी ती २.३४ येते, आणि मीटरच्या एका लुकलुकीएवढी ऊर्जा भरायला असे सुमारे ३ गुणिले १० चा २१ वा घात इतके फोटॉन लागतात.