झोपेची तक्रार नेमकी कोणती, हे कसं ओळखावं

‘झोप नीट होत नाही’ ही तक्रार एकच, पण तिच्यामागचे आजार वेगवेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. म्हणून झोपेची गोळी मागण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात कधी पडलात, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा जाग आली, कधी उठलात, दिवसा डुलकी किती, चहा-कॉफी आणि मद्य कधी, औषधं कोणती. रात्री घड्याळ बघू नका. अंदाज पुरेसा असतो आणि घड्याळ बघितलं की झोप आणखी उडते.

नोंदीत सात-आठ तास झोप दिसते, तरी दिवसभर पेंग येते? मग पहिला संशय स्लीप अ‍ॅप्नियाचा. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. झोपणाऱ्याला याचा पत्ताच नसतो, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारा किंवा फोनवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. जोरात घोरणं, मग दहा सेकंद किंवा जास्त पूर्ण शांतता, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, हा क्रम ऐकू आला तर डॉक्टरांना ऐकवा. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री वारंवार लघवीला उठणं आणि औषधं घेऊनही रक्तदाब न उतरणं याही खुणा आहेत. सडपातळ माणसालाही हा आजार होतो. स्त्रियांमध्ये तर घोरण्यापेक्षा थकवाच जास्त जाणवतो, आणि निदान तिथेच हुकतं.

झोपेच्या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मध्यम-तीव्र आजारात सहसा सीपॅप यंत्र देतात; ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. ते बरेच जण सोडून देतात, आणि कारण बहुधा मास्क हेच असतं. हवा गळायला लागली की पट्टे आवळले जातात, त्याने गळती वाढते आणि नाकावर जखम होते. मास्क आडवं पडून, यंत्र चालू ठेवूनच बसवून बघा. पहिले काही दिवस जागेपणी अर्धा तास लावून सवय करा. नाक-घसा कोरडा पडला तर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवा. मद्य आणि काही झोपेच्या गोळ्या घसा आणखी ढिला करतात. गोळीची घाई नको म्हणायचं ते यासाठीच.

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल तर तो जुना निद्रानाश. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे झोप भरून काढायला लवकर आडवं होणं. आठ तास अंथरुणात आणि झोप सरासरी साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम ६९ टक्के झोप. उठायची वेळ सहा ठरवा आणि साडेबाराच्या आधी अंथरुणात जाऊ नका. डुलकी बंद. आठवडाभर हे प्रमाण ८५ टक्क्यांवर टिकलं की अंथरुणातला वेळ १५ मिनिटं वाढवा. अंथरुणातला वेळ पाच तासांखाली मात्र आणू नका. पहिले काही दिवस पेंग वाढते, तेव्हा गाडी चालवू नका. अपस्मार (फिट्स) किंवा बायपोलर आजार असेल तर हे डॉक्टरांशिवाय करायचं नाही.

संध्याकाळी बसलं-पडलं की पाय अस्वस्थ होतात आणि चाललं की बरं वाटतं? हा ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हणजे अस्वस्थ पायांचा आजार असू शकतो. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं, आणि या आजारात ७५ च्या खालचा आकडाही डॉक्टर विचारात घेतात. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो.

रात्री तीनला झोप लागते आणि सुट्टीत अकरापर्यंत गाढ झोप होते, तर झोप बिघडलेली नाही, शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकलंय. उठल्या उठल्या अर्धा तास उजेडात जा आणि रात्रीचे दिवे मंद ठेवा.

गाडी चालवताना डोळा लागत असेल, खळखळून हसताना गुडघे लुळे पडत असतील किंवा झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय मारले जात असतील, तर दोन आठवड्यांच्या नोंदीसाठी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.