मुलाखतीआधी स्वतःच्याच बायोडेटाची उलटतपासणी करा

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतली ट्रेनीची जागा असो, नाहीतर पुण्यातल्या कंपनीतली, नवख्या उमेदवाराला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न त्याच्याच बायोडेटातून निघतात. समोरच्याकडे धरायला दुसरं काही नसतंच. अनुभव नाही, आधीच्या साहेबांचा शेरा नाही, आहे तो एवढा एक कागद. तरीही मुलं तयार उत्तरांच्या पीडीएफ पाठ करत बसतात आणि ऐनवेळी स्वतः लिहिलेल्या ओळीवर अडकतात. म्हणून तयारीतला निम्म्याहून जास्त वेळ या कागदाला द्या.

बायोडेटा एकाच पानाचा ठेवा. त्याची प्रिंट काढा आणि प्रत्येक ओळीपुढे पेनाने तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. नेमकं काय केलं? तसंच का केलं? अडलं कुठे आणि मग काय केलं? ज्या ओळीला ही उत्तरं सापडत नाहीत, तिचा अभ्यास करा किंवा ती सरळ खोडा. ‘ऑटोकॅड येतं’ असं लिहिलं असेल तर समोर कॉम्प्युटर ठेवून साधं ड्रॉइंग काढायला सांगतील. ‘छंद: वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, हे विचारतीलच.

सगळ्यात जास्त फजिती प्रोजेक्टवर होते. आपल्या भागात ठिबक सिंचनाच्या ऑटोमेशनचा प्रोजेक्ट दर वर्षी कुणी ना कुणी करतंच. त्यावर प्रश्न कसे येतात पाहा. मातीतला ओलावा मोजायला कोणता सेन्सर वापरला, रेझिस्टिव्ह की कपॅसिटिव्ह? तोच का? रेझिस्टिव्ह सेन्सरचे उघडे दांडे ओल्या मातीत करंट जाऊन गंजतात आणि काही दिवसांत रीडिंग भरकटतं. कपॅसिटिव्हच्या पट्ट्या झाकलेल्या असल्याने तो जास्त टिकतो. हे एवढं सांगितलं तरी प्रोजेक्ट तुम्ही स्वतः केलाय याची खात्री पटते. पुढे मग सेन्सर किती खोल लावला, पंप सुरू करायला रिले (विजेवर चालणारा स्विच) कोणता, एकूण खर्च किती, असं चालू राहतं. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टबद्दल बोलताना सगळीकडे ‘आम्ही’ म्हणू नका. सर्किट तुम्ही जोडलं, रिपोर्ट मित्राने लिहिला, असं वाटून सांगा. प्रोजेक्ट विकत आणला असेल तर आजपासून तो उघडून प्रत्येक भाग समजून घ्या, दुसरा उपाय नाही.

त्यानंतर कामाचा पाया. सात-आठ विषय वरवर चाळण्यापेक्षा ज्या जागेसाठी जाताय तिथे पहिल्या दिवशी हातात काय येईल, ते पक्कं करा.

मशीन शॉप किंवा क्वालिटीच्या जागेला टेबलावर व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एखादा पार्ट ठेवून ‘मोजा’ म्हणतात. नेहमीच्या व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर 49 मिमी अंतराचे 50 भाग असतात, म्हणजे एक भाग 0.98 मिमीचा. मुख्य पट्टीवरच्या 1 मिमीशी त्याचा जो फरक, तो 0.02 मिमी, हाच लीस्ट काउंट, म्हणजे या साधनाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप. उचलल्या उचलल्या पार्टला लावू नका. आधी जबडे पुसा, ते मिटवून दोन्ही शून्यं जुळतात का बघा. जबडे मिटलेले असताना 0.04 दाखवत असेल तर आलेल्या मापातून तेवढं वजा करायचं. पार्टच्या कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कोर) असेल तर तो भाग टाळा, दोन-तीन जागी मोजा आणि उत्तर देताना ‘मिलिमीटर’ म्हणा. मग विचारतील, ड्रॉइंगवर 25 ± 0.05 आहे, तुमचं माप 25.06 आलं, आता पास की रिजेक्ट? वरची मर्यादा 25.05, म्हणजे माप बाहेर गेलं. पण 0.02 लीस्ट काउंटच्या साधनाने 0.01 च्या फरकावर निकाल देणं बरोबर नाही. त्याहून बारीक मोजणाऱ्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजेन, तरी बाहेरच आलं तर पार्ट वेगळा ठेवून सुपरवायझरना दाखवेन, हे उत्तर द्या. परस्पर पास करणारा आणि परस्पर भंगारात टाकणारा, दोघेही कंपनीला नको असतात.

साखर कारखान्याच्या लॅबसाठी जाणाऱ्या बीएस्सीच्या मुलांनी ब्रिक्स, पोल आणि प्युरिटी हे तीन शब्द तोंडात बसवावेत. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, पोल म्हणजे पोलरीमीटरने मोजलेली साखर. पोलला ब्रिक्सने भागून 100 ने गुणलं की प्युरिटी. ब्रिक्स 18 आणि पोल 15.3 असेल तर प्युरिटी 85. गाळप सुरू झालं की लॅब तिन्ही पाळ्यांत चालते, त्यामुळे रात्रपाळीचा प्रश्न येणारच. घरच्यांशी आधी बोलून घ्या, केबिनमध्ये ‘विचारून सांगतो’ म्हणू नका.

बीकॉमवाल्यांना तोंडी एंट्री विचारतात. 10,000 रुपयांचा 18 टक्के जीएसटीचा माल तासगावच्या व्यापाऱ्याला उधारीवर विकला, तर पार्टी 11,800 ने डेबिट, सेल्स 10,000, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 900 आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) 900 क्रेडिट. तोच माल बेळगावच्या व्यापाऱ्याला गेला तर राज्य बदललं, म्हणून 1,800 आयजीएसटी. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) ची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख आणि जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं रिटर्न) ची 20, हेही पाठ हवं.

‘स्वतःबद्दल सांगा’ला एक ते दीड मिनिट पुरतं. नाव, गाव, शिक्षण दोन वाक्यांत उरका. मग प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपमधलं एक काम, आणि ही जागा का हवी ते. घरात कोण काय करतं ते विचारल्यावर सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कुठे गती वाढते, कुठे ‘म्हणजे’ सारखं येतं, ते आपोआप कळतं. कुपवाडच्या बऱ्याच कारखान्यांत बोलणं मराठीतच होतं. पुण्यात सुरुवात बहुधा इंग्रजीत होते, म्हणून पहिली चार वाक्यं इंग्रजीत तयार ठेवा. पुढे अडलात तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं विचारा. चुकीचं उत्तर इंग्रजीत देण्यापेक्षा ते कधीही बरं.

शिक्षणातला गॅप आणि एटीकेटी (विषय राहून पुढच्या वर्षात जाणं) लपवू नका, मार्कलिस्टवर सगळं दिसतं. एमपीएससी किंवा पोलीस भरतीत दोन वर्षं गेली असतील तर कधी ते कधी, किती परीक्षा दिल्या, आता काय ठरवलं, एवढं तीन वाक्यांत सांगा. समोरच्याची खरी शंका वेगळीच असते. हा पोरगा चार महिन्यांनी पुन्हा अभ्यासाला बसणार का? तेव्हा निर्णय खरोखर झाला असेल तरच ‘थांबवलं’ म्हणा. तसंच स्थानिक कंपनी हमखास विचारते, ‘पुण्यात मिळाली तर जाणार का?’ ‘कधीच नाही’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही. निदान किती काळ इथे राहून काय शिकायचंय, ते सांगा.

कागदपत्रांची फाइल आदल्या दिवशी लावा. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आधार, पॅन, चार फोटो, बायोडेटाच्या तीन प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. मूळ कागद दाखवा, पण कुणाच्या ताब्यात देऊन येऊ नका. आधार, पॅन आणि मार्कलिस्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, नाहीतर पुढे पीएफच्या वेळी घोळ होतो. कपडे साधे, इस्त्रीचे, बूट बंद. सँडलवर शॉप फ्लोअरला सोडत नाहीत.

एमआयडीसीत गेटवर नोंद, पास आणि मोबाइल जमा करण्यात वेळ जातो, अर्धा तास आधी पोचा. चाकणला सकाळी 10 ची मुलाखत असेल तर सांगली-मिरजेहून आदल्या दिवशीच निघा. चाकण पुण्याच्या पलीकडच्या अंगाला, नाशिक रस्त्यावर आहे. स्वारगेटला उतरल्यावर पुढे आणखी दोन तास धरून चाला. ऑनलाइन मुलाखतीला फोन पूर्ण चार्ज ठेवा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट हाताशी ठेवा. वीज गेली तर वायफाय जातं. उजेड तोंडावर यावा, पाठीमागून नको.

पगाराचं बोलणं निघालं की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांत गल्लत करू नका. वर्षाला 2.4 लाख म्हणजे महिन्याला 20,000 दिसतात, पण त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) धरलेला असतो. बेसिक 12,000 असेल तर पीएफचे 1,440 कंपनीचे आणि तेवढेच तुमचे. दोन्हीकडचा ईएसआय आणि प्रोफेशनल टॅक्स वजा केला की हातात 16,000 च्या आसपास उरतात. पुण्यात खोली घेऊन राहणार असाल तर हा हिशेब होकाराआधी करा. नेमणूक कंपनीच्या रोलवर, ठेकेदाराकडून की अप्रेंटिस म्हणून, आणि ट्रेनिंगचा काळ किती, हे तिथेच विचारा. त्यात संकोच कसला? ऑफर लेटरवर तेच लिहिलंय का ते वाचून मगच सही करा. ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’ किंवा ‘डिपॉझिट’ म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर देऊ नका. ऑनलाइन दिले गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.