परदेशात एमएससी प्रोजेक्ट मॅनेजमेंट करताय? या चुका टाळा

दर सप्टेंबरला यूकेत आपल्या पोरांची नवी बॅच उतरते आणि मार्च उजाडला की मेसेज सुरू, "दादा, इतक्या ठिकाणी अप्लाय केलं, एक कॉल नाही." मी आधी सीव्ही मागवतो आणि बहुतेक वेळा तीच चूक दिसते.

आपलं मूळ क्षेत्र पुसून टाकलेलं असतं. सिव्हिल झालंय, हिंजवडीच्या साईटवर उभं राहून स्लॅब टाकलेत, आरए बिलं (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं) काढलीत, आणि सीव्हीवर काय, तर लीडरशिप, टीम प्लेअर, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. अरे, नुसता प्रोजेक्ट मॅनेजर इथे कोणाला नकोय, कन्स्ट्रक्शनमधला हवाय, आयटीतला हवाय, फार्मातला हवाय. आणि डिग्री हातात आली म्हणून मॅनेजर कोणी करत नाही. सर्च करताना असिस्टंट प्लॅनर, प्रोजेक्ट कंट्रोल्स, पीएमओ (कंपनीचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) ॲनालिस्ट, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर असं टाका. सिव्हिलवाल्यांनी एनईसी (यूकेत बांधकामाला वापरतात तो ठरावीक नमुन्याचा) कॉन्ट्रॅक्ट वाचून ठेवा, गल्फला जायचं असेल तर फिडिक (तसाच आंतरराष्ट्रीय नमुना). एनईसीत कॉम्पेन्सेशन इव्हेंट, म्हणजे जिच्यामुळे कॉन्ट्रॅक्टरला जादा पैसे किंवा वेळ मागता येतो अशी घटना, कळल्यापासून आठ आठवड्यांत कॉन्ट्रॅक्टरने नोटीस द्यायची असते, एवढं जरी नीट सांगता आलं तरी समोरचा सरसावून बसतो.

दुसरी चूक बघून मला खरंच वाईट वाटतं, सॉफ्टवेअर येतं पण शेड्यूल येत नाही. एका ज्युनियरला इंटरव्ह्यूत लॅपटॉप देऊन प्रायमावेरा या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मजली इमारतीचं शेड्यूल करायला सांगितलं. त्याने झकास बार चार्ट केला. मग पॅनेलवाल्याने पायलिंगचे (पायातल्या खांबांच्या कामाचे) 10 दिवसांचे 20 केले, शेड्यूल परत मोजायला एफ9 दाबलं, आणि हॅंडओव्हरची तारीख जागची हलली नाही. का नाही हलली, विचारलं तर पोरगा गप्प. त्याने लिंका (कुठलं काम कशानंतर) दिल्याच नव्हत्या, प्रत्येक ॲक्टिव्हिटीवर कन्स्ट्रेंट टाकून तारखा खिळवून ठेवलेल्या, कारण यूट्यूबवर तसं लवकर होतं. याच मॉड्यूलमध्ये त्याला डिस्टिंक्शन होतं! मी त्याला सांगितलं, लॅपटॉप बंद कर, कागद घे, फॉरवर्ड पास, बॅकवर्ड पास (सुरुवातीपासून पुढे आणि शेवटापासून मागे तारखा मोजणं), फ्लोट (प्रोजेक्ट न लांबता काम किती लांबू शकतं) हाताने काढ. ही पद्धत, म्हणजे सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड), आपल्याला इंजिनिअरिंगलाच शिकवलेलं असतं, ऑप्शनला टाकतात आणि मग इथे भोगतात. माझी सवय म्हणाल तर पहिली आणि शेवटची सोडून प्रत्येक ॲक्टिव्हिटीला मागे-पुढे लिंक, आणि दर वेळी एफ9 नंतर लॉग उघडून ओपन एंड (लिंक नसलेली टोकं) बघायचे. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट नाही.

पीएमपीची (पीएमआय या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅनेजर सर्टिफिकेटची) घाई नको. चार वर्षांची डिग्री असली तरी प्रोजेक्ट लीड केल्याचे 36 महिने लागतात, कोर्स पीएमआयच्या जीएसी (कोर्स तपासणारा विभाग) मान्यतेचा असेल तर 24, म्हणून ॲडमिशनआधी ते तपासा. फ्रेशरला पीएमपीचा क्लास विकणाऱ्यापासून लांब राहा, सध्या सीएपीएम किंवा प्रिन्स2 फाउंडेशन ही सुरुवातीची सर्टिफिकेट पुरे.

एजंटकडून एसओपी (ॲडमिशनच्या अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन) लिहून घेऊ नका. बस.

व्हिसाचं गणित आधी मांडा, पोचल्यावर नाही. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ग्रॅज्युएट रूटवर (शिक्षणानंतर काम करायच्या व्हिसावर) दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार. स्किल्ड वर्कर व्हिसाची (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीचा) पगाराची साधारण अट जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पाउंड झालीय, न्यू एंट्रंट (करिअरच्या सुरुवातीला) असाल तर 33,400, आणि त्या पोस्टचा ठरलेला रेट जास्त असेल तर तो धरायचा. कर्ज काढून येणाऱ्याने हे घरी बसवून आई-बाबांनाही समजावून सांगावं.

"आधी सेटल होतो मग जॉब बघतो" हे तर अजिबात नको, मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम सप्टेंबर-ऑक्टोबरलाच उघडतात आणि बऱ्याच ख्रिसमसच्या आत बंद होतात, म्हणजे विमानात बसायच्या आधी सीव्ही तयार पाहिजे.

आणि डिझर्टेशनला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवू नका. जिथे नोकरी हवीय त्याच क्षेत्रातल्या प्लॅनरला, क्वांटिटी सर्व्हेअरला (बांधकामाचा खर्च मोजणाऱ्याला) गाठा, पाच-सहा जणांशी नीट मुलाखती करा. लिंक्डइनवर विद्यार्थी म्हणून वेळ मागितला की लोक देतात, नोकरी मागितली की देत नाहीत.