वाफ्यावरचं छप्पर: काच, कागद की पोकळ शीट?

थंड मुलखात वाफ्यावर काचेचं झाकण बसवतात ते ऊब कोंडून धरायला. कोकणात ऊब कोंडून रोपं उकडायची आहेत का? मिरगानंतर इथं छप्पर लागतं ते पावसासाठी. मिरची-वांग्याची कोवळी रोपं सरींच्या माऱ्यानं आडवी होतात, आणि माती सतत भिजलेली राहिली की बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून चारी बाजूंनी बंद पेटी करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. वर छप्पर, बाजू उघड्या.

गादीवाफा आणि सांगाडा तुम्हाला करता येतोच. वाफा ४ फुटांहून रुंद नको. छपराची खालची कड नैऋत्येला ठेवा, म्हणजे वारा आत शिरून छप्पर उचलणार नाही.

आता वर काय घालायचं? जुन्या खिडक्यांची तावदानं वापरा, हा सल्ला मला जागोजाग ऐकू येतो, आणि माडापोफळीच्या परड्यात तो धोक्याचा आहे. काच पिवळी पडत नाही, खाऱ्या वाऱ्यानं बिघडत नाही, उजेडही भरपूर देते, हे सगळं खरं. पण ४ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो भरतं. वरून एक झाप पडला की तिचे तुकडे त्याच मातीत जातात, जिच्यात आपण बोटं घालून रोपं काढतो. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेचे फुटल्यावर बोथट दाणे होतात, पण ती नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. मापातच करून घ्यावी लागते.

प्लास्टिकचा कागद एक-दोन हंगामांसाठी चालेल. मात्र तो २०० मायक्रॉनचा, यूव्ही प्रक्रिया केलेलाच, म्हणजे उन्हात टिकणारा घ्या. साधा कागद उन्हानं कडक होऊन फाटतो आणि त्याच्या चिंध्या परडंभर होतात. कागद ताणून बांधा. झोळ पडला की पाणी साचतं आणि एका रात्रीत सगळं रोपांवर बसतं.

माझं मत ६ मिमीच्या पोकळ पॉलिकार्बोनेट शीटला, म्हणजे आत ओळीनं नळ्या असलेल्या कडक प्लास्टिकच्या पत्र्याला. हलकी, नारळ पडला तरी काचेसारखी फुटत नाही, उजेड काचेपेक्षा थोडा कमी. पण ती बसवण्यातच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं.

या शीटला उन्हापासून वाचवणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. ती बाजू आकाशाकडेच हवी. शीटवरच्या पातळ कागदावर तसं छापलेलं असतं. मी तो कागद आधी सोलून टाकला, मग दोन्ही बाजू सारख्याच दिसायला लागल्या. दुकानदार म्हणाला, कशीही लावा. तशीच लावली आणि दुसऱ्या वर्षी शीट पिवळी पडून चुरचुरायला लागली. तेव्हापासून मी कागद सोलण्याआधी कोपऱ्यात मार्करनं ‘वर’ असं लिहिते. आणि शीट बसवाल त्याच दिवशी तो कागद काढा. उन्हात राहिला तर चिकटून बसतो, मग नखांनी खरवडूनही निघत नाही.

दुसरी गोष्ट नळ्यांची दिशा. शीटमधल्या नळ्या उताराच्याच दिशेनं हव्यात, आडव्या कधीही नकोत. आत दव धरतं, ते खाली वाहून जायला वाट लागते. वरची कड ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं पूर्ण बंद करा, खालच्या कडेला बारीक भोकांची पट्टी लावा. नुसत्या उघड्या नळ्यांत मुंग्या शिरतात आणि शेवाळ धरतं, ते मग आतून निघत नाही.

तिसरी गोष्ट स्क्रूची, आणि इथे घाई अजिबात नको. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २ मीटर शीट साधारण ५ मिमी वाढते. ऑक्टोबरच्या उन्हात एवढा फरक सहज पडतो. स्क्रू ६ मिमीचा असेल तर भोक ९-१० मिमीचं पाडा, वर रुंद वायसर घाला, आणि वायसर दबला की थांबा. करकचून आवळलेली शीट भोकापासूनच तडकते. वायसर ईपीडीएम रबराचे घ्या. मऊ पीव्हीसीचे या शीटला खातात. समुद्र जवळ असेल तर स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो.

पागोळ्या पडतील तिथे चर काढा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे पानांवर उडतात.

धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ फडका; थिनर किंवा पेट्रोल नको. पाऊस सरला की शीट उतरवून सावलीत उभ्या ठेवा. एकावर एक रचून उन्हात टाकू नका.