इंटरनेट फोनच्या अडॅप्टरवर कॉल ३२ सेकंदांत तुटतोय?

अडॅप्टर म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणारा छोटा डबा. त्याची केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा आणि फोनची वायर ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत. ही खाच भिंतीतल्या जुन्या लँडलाइनच्या सॉकेटला मात्र कधीही जोडू नका; त्या लाइनवर वीजदाब असतो, अडॅप्टर जळू शकतो.

डायल टोन येतो, पण आवाज एकाच बाजूने जातो किंवा कॉल साधारण ३२ सेकंदांनी तुटतो? बहुतेक वेळा दोष राउटरमधल्या ‘सिप एएलजी’ या इंटरनेट कॉल हाताळणाऱ्या सोयीचा. ते कॉलच्या संदेशांतले पत्ते परस्पर बदलतं, त्यामुळे कॉल जुळल्याची पोच हरवते आणि समोरची बाजू कॉल सोडून देते. राउटरच्या सेटिंगमध्ये ते बंद करा. आधी राउटर, मग अडॅप्टर रीस्टार्ट करा.

नाशिकच्या पावसाळ्यात वीज गेली की हा फोन मुका होतो. फायबरचा डबा, राउटर, अडॅप्टर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या.