गावातील डासोत्पत्तीवर आठवडी नजर कशी ठेवावी

उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून पाहणी दर आठवड्याला, ठरलेल्या वारीच करावी. पंधरवड्याने फेरी मारल्यास मधल्या काळात एक अख्खी पिढी उडून गेलेली असते. सुरुवातीस गावाचा कच्चा नकाशा काढून घरे, हौद, विहिरी, गटारे आणि कायमची डबकी यांना क्रमांक द्यावेत.

घरोघरी रांजण, पिंप, टाकी, कुंडीखालची थाळी, उघड्यावर पडलेले टायर असे पाणी साचलेले प्रत्येक ठिकाण तपासावे, कारण डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच, बहुधा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात वाढतो. भांड्याला धक्का लागला किंवा पाण्यावर सावली पडली की अळ्या तळाशी जातात. तेव्हा बॅटरीचा झोत आत सोडून थोडे थांबावे, श्वास घेण्यासाठी त्या पुन्हा वर येतात. घाईने उरकलेली फेरी मुळीच न केलेल्या फेरीपेक्षा वाईट, कारण नोंदवहीत ती 'निरंक' म्हणून बसते.

डबकी, भातखाचरे व ओढ्याच्या कडा यांसाठी लांब दांड्याचा पांढरा डिपर, म्हणजे पाणी काढून पाहण्याचा डाव, वापरावा. तो तिरका धरून गवताजवळच्या संथ पाण्यात अलगद बुडवावा आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळाच पाणी घ्यावे, नाहीतर दोन आठवड्यांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी अॅनोफिलिसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची असते. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात.

कोषांची, म्हणजे अळी आणि डास यांमधल्या अवस्थेची, नोंद मात्र वेगळी ठेवावी. स्वल्पविरामासारखा दिसणारा कोष काहीच खात नाही, त्यामुळे अळीने गिळल्यावरच काम करणारे बीटीआय हे जैविक अळीनाशक त्याच्यावर चालत नाही आणि साधारण दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. अळ्या पुष्कळ असल्या तरी त्यांतल्या कित्येक वाटेतच मरतात. कोष सापडलेले भांडे हाच खरा धोका, आणि ते त्याच दिवशी रिकामे करावे.

समजा 60 घरे तपासली, त्यांपैकी 9 घरे दूषित, म्हणजे अळ्या किंवा कोष असलेली, निघाली आणि त्यांत मिळून 12 दूषित भांडी आढळली, तर शंभर घरांमागे दूषित घरे मोजणारा हाऊस इंडेक्स 15 आणि शंभर घरांमागे दूषित भांडी मोजणारा ब्रेटो इंडेक्स 20 येतो. एखाद्या आठवड्याच्या आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी, आणि तो सलग वाढत असल्यास रुग्ण सापडण्याची वाट न पाहता आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे.

भांडे नुसते ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत आतल्या भिंतीला चिकटलेली असतात व कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, म्हणून भिंती ब्रशने घासून, भांडे वाळवून मगच पुन्हा भरावे. रिकामे न करता येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. पुढच्या आठवड्याची फेरी याच दूषित ठिकाणांपासून सुरू करावी.