बीकॉम की बीबीए, आणि स्वतः अभ्यास करून क्रेडिट कसे मिळवायचे

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न हाच, बीकॉम करायचं की बीबीए. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी हे सगळं तिच्याबरोबर बसून केलंय, फॉर्म भरण्यापासून ते प्रोजेक्टच्या व्हायवापर्यंत (तोंडी परीक्षा), म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नावांचा घोळ समजून घ्या. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस (दोन्ही मॅनेजमेंटचे) आणि बीसीए (कॉम्प्युटरचा) हे कोर्स एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेले, त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्या ॲडमिशनसाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आली. मग मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं आणि तिथे बारावीच्या मार्कांवरच ॲडमिशन होऊ लागलं, विषय बघायला गेलं तर बरेचसे तेच. म्हणून सीईटी हुकली म्हणजे वर्ष गेलं असं समजून रडत बसू नका, ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या माहितीपत्रकात डिग्रीचं पूर्ण नाव काय छापलंय ते वाचा. माझं मत विचाराल तर सीए करायचं असेल तर साधं बीकॉम घ्या, सकाळी लेक्चर उरकतात आणि दुपार क्लासला मोकळी मिळते. बीबीएला प्रेझेंटेशन, ग्रुपवर्क भरपूर आणि फीसुद्धा जास्त, ते आवडत असेल तर जरूर घ्या पण नुसत्या नावासाठी नको.

आता क्रेडिट, म्हणजे केलेल्या अभ्यासाचं मोजमाप, प्रत्येक विषयाला ठरावीक. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडे एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात, ३ वर्षांत किमान १२० झाले की डिग्री, चौथं वर्ष केलं तर १६० च्या पुढे आणि ऑनर्स. यातले सगळे क्रेडिट वर्गात बसूनच मिळतात असं नाही. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि स्वयम या सरकारी साइटवरचे ऑनलाइन कोर्स, या तीन वाटा स्वतः अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेत आणि मुलं नेमकी हीच कामं शेवटच्या आठवड्यात कॉपी-पेस्ट करून उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्वयमचं सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण कुठले चालतील ते विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं, आणि इथेच आम्ही फसलो. बहिणीने स्वयमवरचा एनपीटीईएलचा (आयआयटींचा ऑनलाइन उपक्रम) १२ आठवड्यांचा मार्केटिंगचा कोर्स केला, दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत, सेंटरला जाऊन परीक्षा दिली, पास झाली, सर्टिफिकेट घेऊन ऑफिसला गेली तर उत्तर मिळालं की हा कोर्स आपल्या यादीत नाही. झालं, तीन महिन्यांची मेहनत मार्कशीटवर आलीच नाही. तेव्हा नाव नोंदवायच्या आधी विभागप्रमुखांना मेल करा, त्यात कोर्सचं नाव, किती आठवडे, किती क्रेडिट आणि कॉलेजच्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार हे स्पष्ट विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा, तोंडी हो म्हटलेलं धरू नका. क्रेडिटचा आकडापण जुळवून बघा, एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा असतो आणि कॉलेजचा विषय ४ चा असेल तर अडचण येते. मार्कांचं गणित सोपं आहे, असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५, असाइनमेंटमधल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. शिकणं फुकट, परीक्षेची फी तेवढी भरायची.

नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र आहे. फक्त त्या वर्षासाठी त्या कोर्सला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का ते साइटवर स्वतः बघा. आणि डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा नंबर, पहिल्याच महिन्यात काढा, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं नसेल तर क्रेडिट जमा होताना त्रास होतो.

आता फील्ड प्रोजेक्ट, माझा सगळ्यात आवडता भाग. बहिणीने आधी विषय घेतला होता ग्राहक समाधान, त्यातून काय निघणार. मग आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही मागितली. वहीत नावं कुठे धड, पिवळं घर, रिक्षावाला दादा, शिंपीण ताई असं लिहिलेलं, पहिले चार दिवस दुकानदार काकांशेजारी स्टुलावर बसून कोण कोण आहे ते उलगडण्यातच गेले. मग तिने एकच प्रश्न धरला, उधारी किती दिवसांनी परत येते. पगारदार गिऱ्हाईकं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देतात, रोजंदारीवाले थोडं थोडं रोज देतात, आणि काकांचा होलसेलवाला मात्र पैसे मागायला २५ तारखेला दारात उभा. पुस्तकात डेटर्स टर्नओव्हर (उधारी किती वेगाने वसूल होते) म्हणून जे सूत्र पाठ केलं होतं ते तिला त्या स्टुलावर कळलं, आणि व्हायवात सरांनी दुसरं काही विचारलंच नाही, वहीबद्दलच बोलत बसले.

तर तुम्हीपण असाच छोटा प्रश्न घ्या, ज्याचं उत्तर मोजता येतं. चहाच्या टपरीवर दिवसाला किती दूध लागतं आणि किती वाया जातं, पार्लरमधे कुठल्या वारी खुर्च्या रिकाम्या असतात, एवढं पुरतं. जाण्याआधी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या नाहीतर दुकानदार वही दाखवायला कचरतो, गिऱ्हाइकांची खरी नावं रिपोर्टमधे टाकू नका, रोज गेलात की तारीख आणि तास लिहून ठेवा कारण २ क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास दाखवावे लागतात. आणि दुकानाची सही शिक्का शेवटच्या दिवशीच घेऊन टाका, आमचे काका नेमके सबमिशनच्या आठवड्यात गावाला गेले होते.